वाहनांचा कारखाना आतून पाहिला तो दिवस : आपले अनुभव

आकुर्डीकर

आमच्या सोसायटीतील एका तरुण शेजाऱ्याने गेल्या आठवड्यात विजेवर चालणारी चेतक घेतली. पेढे देताना तो म्हणाला, “काका, ही आपल्या आकुर्डीतच तयार झाली आहे,” आणि तेव्हापासून आकुर्डीचा जुना कारखाना माझ्या डोक्यात घोळतो आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, पॉलिटेक्निकला असताना, आम्ही काही मित्र जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बसने आकुर्डीला जाऊन बजाजचा कारखाना पाहून आलो होतो. एका मित्राचे मामा तिथे स्टोअर्समध्ये होते आणि त्यांनी रीतसर परवानगी काढून ठेवली होती.

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चेतक १९७२मध्ये आली आणि पुढे बराच काळ ती हवी असणाऱ्याला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातील नातेवाइकांना पत्रे जात. ज्या गाडीसाठी घरेच्या घरे अशी ताटकळत होती, ती एकामागून एक लाइनवरून उतरताना पाहणे हा आमच्या वयाच्या मुलांसाठी केवढा मोठा प्रसंग होता, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही.

प्रथम आम्हाला प्रेस शॉप दाखवले. चेतकला मोटारसायकलसारखी नळ्यांची चौकट नव्हती. डायमध्ये दाबून आकार दिलेले पत्रे वेल्डिंगने जोडूनच तिचे अंग तयार होई. प्रेसचा ठोका पडला की पायाखालची फरशी हादरे आणि सपाट आत गेलेला पत्रा गोलाई घेऊन बाहेर येई. त्यानंतर पेंट शॉपच्या भट्टीजवळून आम्हाला लांबूनच नेले.

मनावर सर्वांत ठसली ती मात्र असेंब्ली लाइनवरची एक जागा. तिथल्या कामगाराकडे हँडलमधून केबल ओवण्याचे काम होते. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असल्यामुळे क्लचची एक आणि गिअरच्या दोन अशा केबल एवढ्याशा जागेतून वळवून खाली न्याव्या लागत. तो बोटाने ग्रीस लावी, केबलचे टोक आत सोडी, दुसऱ्या हाताने खालून चाचपून ते पकडी आणि ओढून घेई. त्याची नजर तोपर्यंत पुढच्या गाडीकडे गेलेली असे आणि बोटे अजून या गाडीत काम करत असत. लाइनच्या शेवटी दुसरा एक जण किक मारून इंजिन सुरू करी, कान देऊन आवाज ऐके आणि खडूने खूण करून गाडी पुढे सोडी.

आकुर्डीतील गाड्यांचे उत्पादन २००७मध्ये थांबले आणि २०२२मध्ये तिथेच इलेक्ट्रिक गाड्यांचा नवा कारखाना सुरू झाला. रस्त्यावर उभी असलेली गाडी आपल्याला एकसंध वस्तू म्हणून दिसते. ती ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळात, कितीतरी जणांच्या हातून जुळत गेलेली असते, हे कारखान्यात गेल्याशिवाय उमगत नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ती जुळताना पाहावी, असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी कोणी मित्रमंडळींबरोबर, कॉलेजबरोबर किंवा घरच्यांबरोबर असा कारखाना पाहिला असेल, तर जे आठवते ते अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ

केबलचे वर्णन वाचून फार आनंद झाला. माझ्या वडिलांच्या चेतकची गिअरची केबल मी स्वतः अनेकदा बदलली आहे, त्यामुळे ते काम किती किचकट असते हे ठाऊक आहे.

आम्ही सांगलीला इंजिनिअरिंगला असताना पिंपरीचा टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, कारखाना पाहायला गेलो होतो. ट्रक चाकांवर उभा राहून तयार होत असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात चॅसिसची चौकट लाइनवर आली ती उलटी! पाटे आणि ॲक्सल खालच्या बाजूला बसतात, आणि खाली वाकून किंवा खड्ड्यात उतरून ते बसवण्यापेक्षा चौकटच पालथी ठेवली की सगळे काम वरून, उभ्याने करता येते. ॲक्सल बसले की साखळ्यांनी उचलून ती अवजड चौकट सुलटी केली जाते. ती हवेत वळत असताना आमच्यापैकी कोणीही बोलत नव्हते. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, मग चाके, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर केबिन वरून खाली उतरते. ती नेमकी आपल्या जागी बसावी म्हणून खाली दोघे जण हात वर करून उभे होते.

आमचे सर जुन्या पिढीतले होते. त्यांनी आम्हाला परतीच्या प्रवासात या कारखान्याचा इतिहास सांगितला, तो अजून लक्षात आहे. १९४५मध्ये जमशेदपूरला ही कंपनी सुरू झाली ती रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी. १९५४मध्ये डेमलर-बेंझशी करार होऊन तिथे ट्रक तयार होऊ लागले, आणि १९६९मध्ये तो करार संपल्यावर ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथे टाटांचे ‘टी’ आले. पुण्याचा कारखाना १९६६मधला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी इथे ट्रकच्या आधी यंत्रे बनवण्याकडे आणि मुलांना हत्यार हातात धरायला शिकवण्याकडे लक्ष दिले, आणि ओसाड माळावर हजारो झाडे लावून घेतली. त्या झाडांच्या सावलीत बसून आम्ही डबे खाल्ले.

ताम्हण

सुमो या गाडीचे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले गेले, हे नव्या वाचकांसाठी नोंदवून ठेवते. ती गाडी १९९४ची. आमच्या गावात वडाप म्हणून अनेक वर्षे तीच चालत होती.

दापोडीचा नातू

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण तो खासगी कारखान्याचा नसून एसटीच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेचा आहे. माझे आजोबा तिथे फिटर होते. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा अशा तीन मोठ्या कार्यशाळा आहेत आणि आपण ज्या लाल गाड्यांमधून लहानाचे मोठे झालो त्यांतल्या पुष्कळशा गाड्यांची बांधणी इथे झालेली आहे, हे अनेकांना माहीत नसते.

टाटा किंवा अशोक लेलँडकडून फक्त चॅसिस येते. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि मागे लांबलचक उघडी चौकट, एवढेच. पूर्वी महामार्गावर अशा उघड्या चॅसिसवर, डोक्याला फडके आणि डोळ्यांना गॉगल लावून, वाऱ्यापावसात ती चालवत नेणारे ड्रायव्हर दिसत. ते चॅसिस कार्यशाळेत आले की त्यावर सांगाडा उभा राहतो, मग पत्रे चढतात, खिडक्या, फळ्या, आसने, सामानाचा टप आणि शेवटी रंग. आम्ही शाळेतले मित्र खंडेनवमीला आजोबांबरोबर गेलो होतो. त्या दिवशी लेथला आणि प्रेसला झेंडूचे हार घातलेले होते, पान्यांची आणि हातोड्यांची पूजा मांडलेली होती, आणि कामगारांच्या घरच्यांना आत येऊन पाहण्याची मुभा होती.

तिथे एक गाडी अर्धवट अवस्थेत उभी होती. एका बाजूला पत्रे लागलेले होते आणि दुसऱ्या बाजूने नुसत्या फासळ्या दिसत होत्या. आजोबांनी माझा हात धरून एका रिव्हेटवरून बोट फिरवायला लावले आणि सांगितले की रिव्हेट नीट बसला तर बोटाला कड लागत नाही, आणि कड लागली तर घाटातल्या रस्त्यांवर हादरे बसून तो पत्रा वर्षभरात खडखडू लागतो. त्यानंतर मी एसटीत बसलो की खिडकीखालच्या रिव्हेटवरून बोट फिरवतोच.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्या गाडीपासून आजच्या गाडीपर्यंत बांधणी किती बदलली, यावर कोणी जाणकाराने सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

अध्यापिका

दापोडीचा नातू, आपल्या आजोबांना माझा नमस्कार. रिव्हेटची परीक्षा मी माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगणार आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी आयटीआयमध्ये शिकवते. सर्वांचे अनुभव वाचताना आनंद होतो आहे आणि खंतही वाटते आहे. आमची मुले फिटर आणि वेल्डरचे शिक्षण घेतात, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे वाहन उद्योगातच काम करायचे आहे, परंतु असेंब्ली लाइन त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिली आहे. एका मोठ्या कारखान्याला आम्ही भेटीसाठी पत्रे पाठवली, ईमेल केले, फोन केले. उत्तर आले नाही. शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की आतले कोणी असल्याशिवाय हे होत नाही. वर आकुर्डीकरांच्या अनुभवात मामा आहेत, दापोडीच्या अनुभवात आजोबा आहेत. ज्या मुलाचे मामा किंवा आजोबा कारखान्यात नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

आकुर्डीकर

अध्यापिका, आपला प्रश्न अगदी रास्त आहे. मामा नसते तर आम्हीही फाटकाबाहेरूनच परतलो असतो. सुरक्षिततेची आणि गोपनीयतेची अडचण मी समजू शकतो, परंतु महिन्यातला एक दिवस जवळच्या आयटीआयसाठी राखून ठेवणे मोठ्या कारखान्यांना अवघड जाऊ नये.

डेट्रॉइटजवळून

अध्यापिकांच्या प्रश्नाला जोडून इथली पद्धत सांगते, कारण फरक फार मोठा आहे. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे फोर्डचा रूज कारखाना कोणीही तिकीट काढून पाहू शकतो. हेन्री फोर्ड संग्रहालयापासून बस सुटते आणि कारखान्याशी नेऊन सोडते. आम्ही इथल्या मराठी मैत्रिणी मुलांना शाळेला सुट्टी होती त्या दिवशी गेलो होतो. आधी गच्चीसारख्या उंच जागेवरून कारखान्याचे छप्पर दाखवतात. त्या छपरावर दहा एकरांहून अधिक जागेत सेडमची बुटकी झाडे लावलेली आहेत, त्यामुळे पावसाचे पाणी शोषले जाते. मग लाइनच्या वरच्या बाजूने बांधलेल्या मार्गिकेवरून चालत एफ-१५० ट्रकची अखेरची जुळणी पाहता येते. कोणी घाई करत नाही, मुले काचेला नाक लावून हवा तेवढा वेळ उभी राहतात.

सरकती लाइन याच फोर्डने १९१३मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात आणली आणि मॉडेल टीच्या चॅसिसला लागणारा साडेबारा तासांच्या आसपासचा वेळ दीड तासावर आला, हे बहुतेकांनी पुस्तकात वाचलेले असते. एकाच ठिकाणी तेच काम दिवसभर करण्याला कंटाळून माणसे मोठ्या संख्येने सोडून जाऊ लागली आणि जानेवारी १९१४मध्ये फोर्डला दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर करावी लागली, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. मार्गिकेवरून खाली पाहताना मला सारखा तो दुसरा भाग आठवत होता. खाली एक बाई दर ट्रकला आतून एक पट्टी बसवत होती. मी तिला बराच वेळ पाहत होते आणि तिचे काम त्या सगळ्या वेळात तेच होते. गाड्या स्वस्त झाल्या त्या या चिकाटीवर, हे मुलांना मी तिथेच समजावून सांगितले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी उत्पादन सुरू असलेला दिवस आधी विचारून घ्यावा, कारण लाइन बंद असली तरी तिकीट मिळते आणि मग हिरमोड होतो.

ओसरी

आमच्या भिशी मंडळाने मागच्या वर्षी देवदर्शनाऐवजी कारखाना पाहायला जायचे ठरवले, असे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीची मुलगी टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात काम करते. तिथे हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर सगळ्या महिलाच आहेत; २०२३च्या सुमारास त्यांची संख्या १५००च्या पुढे गेली होती. त्यांतल्या पुष्कळ मुली गावाकडून आलेल्या, बारावी किंवा आयटीआय झालेल्या आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा प्रत्येकीला हेल्मेट आणि चमकणारे जाकीट दिले आणि बांगड्या, गळ्यातले काढून ठेवायला सांगितले. मंगळसूत्र काढायला आमच्यातल्या एक काकू तयार होईनात. त्या मुलीने अतिशय आदराने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून सांगितले, “काकू, मी रोज शिफ्टला येताना काढून डबीत ठेवते. लाइनवर ते कशात अडकले तर जीव जाईल.” काकूंनी लगेच काढून दिले.

पिवळ्या पट्टीच्या आतून चालत आम्ही पाहत होतो. एक मुलगी वर टांगलेल्या अवजड आसनाला आधार देत गाडीच्या दारातून आत सरकवत होती. आसनाचे सगळे वजन यंत्र पेलत होते आणि दिशा तिचा हात देत होता. मग तिने टॉर्क गन लावली, वरचा दिवा हिरवा झाला आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. ठरलेल्या मापाइतका बोल्ट आवळला गेला तरच दिवा हिरवा होतो, असे आम्हाला सांगण्यात आले. माझे सगळे आयुष्य बाईच्या ताकदीचे हे काम नव्हे, असे ऐकण्यात गेले. इथे काम ताकदीचे उरलेलेच नाही, ते नेमकेपणाचे झाले आहे, आणि त्या नेमकेपणात या मुली कुठेही उण्या नाहीत. परतीच्या गाडीत आमच्या मंडळातल्या दोघी आपापल्या नातींच्या आयटीआय प्रवेशाची चौकशी करत होत्या.

ताम्हण

ओसरीताई, भिशी मंडळाला मनापासून नमस्कार. आमच्या मंडळापुढे मी आजच हा विषय मांडते.

आइची प्रांतातून

मी जपानमध्ये टोयोटा शहराजवळ राहतो. या शहराचे नाव आधी कोरोमो होते, कारखान्यामुळे ते १९५९मध्ये टोयोटा झाले, आणि मोतोमाची हा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला. टोयोटा काइकान या संग्रहालयामार्फत नोंदणी केली की कारखाना विनामूल्य दाखवतात. कामाच्या दिवशीच भेट असते, म्हणून आम्ही काही मराठी मित्रांनी रजा टाकली होती. कारखान्यात छायाचित्रे काढता येत नाहीत.

सर्वांना यंत्रमानव पाहण्याची उत्सुकता होती. बॉडी शॉपमध्ये ते आहेतच. ठिणग्या उडवत हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंग करतात. पण आमच्यापैकी प्रत्येकाला आज आठवते ती अँडॉनची दोरी. लाइनच्या कडेने डोक्यावरून दोरी गेलेली असते आणि काही चूक दिसली तर कोणताही कामगार ती ओढू शकतो. ओढली की एक धून वाजते, फलकावर त्या जागेचा आकडा पेटतो आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी आपल्या हद्दीच्या रेषेपर्यंत पोहोचेपर्यंत अडचण सुटली तर लाइन चालू राहते, सुटली नाही तर थांबते. आम्ही उभे असतानाच एकदा धून वाजली. गटप्रमुख आला, दोघे जण दारापाशी वाकले, गटप्रमुखाने दोरी पुन्हा ओढली आणि धून थांबली. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावले नाही. मी स्वतः उत्पादन क्षेत्रात काम केलेले आहे आणि लाइन थांबवणाऱ्याकडे कसे पाहिले जाते हे मला माहीत आहे, म्हणून मला त्या शांतपणाचे सर्वांत जास्त मोल वाटले.

या विचाराचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. १९२४चा त्यांचा माग नागोयाच्या संग्रहालयात आजही चालवून दाखवतात.

इचलकरंजी

आमच्या घरी यंत्रमाग होते, त्यामुळे वरची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आडवा धागा तुटला की थांबण्याची सोय आमच्या साध्या मागांवरही होती, पण उभा धागा तुटला तर तो दिसायला डोळाच लागे. एक माणूस अनेक माग सांभाळत असे आणि तुटलेला धागा वेळेवर दिसला नाही तर कापडात लांबलचक चीर पडे. मोटारीच्या कारखान्यातली दोरी आमच्या धोट्याच्या नात्यातली निघेल, असे कधी वाटले नव्हते.

कुर्ला पश्चिम

माझे वडील टॅक्सी चालवत. लहानपणी ते मला आणि गल्लीतल्या माझ्या मित्रांना कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात घेऊन गेले होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेली ही कंपनी, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी तिथल्याच. आतले फारसे आठवत नाही. दारे नसलेल्या गाड्यांची रांग आणि रबराचा वास एवढे आठवते. वडिलांनी मात्र तिथल्या एका फोरमनला बाजूला घेऊन स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीबद्दल कितीतरी प्रश्न विचारले आणि त्या माणसानेही हातातले काम ठेवून एका उघड्या गाडीवर सगळी जोडणी दाखवली. रोज गाडी चालवणारा आणि रोज गाडी जुळवणारा असे दोघे बोलत होते. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली, तेव्हा वडील नव्हते.

कृष्णाकाठ

आपल्या वडिलांच्या स्मृतीला वंदन.

भोसरी एमआयडीसी

सगळे अनुभव वाचून काढले. एक बाजू राहून गेली आहे असे वाटले, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितो.

आपण सर्वांनी पाहिली ती गाडीची जुळणी. गाडी जुळते चाकणला, पिंपरीला किंवा वाळूजला. पण ती बनते भोसरीच्या, सातपूरच्या आणि वाळूजच्याच आतल्या गल्ल्यांतील शेकडो लहानमोठ्या कारखान्यांत. माझा असाच एक लहान कारखाना आहे. आम्ही पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. सायलेन्सर जिथे गाडीला लटकतो तिथे तो असतो, आणि गाडी विकत घेणाऱ्याला आयुष्यात कधी दिसत नाही. हा ब्रॅकेट आम्ही थेट गाडीच्या कंपनीला देत नाही, सायलेन्सर बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याला देतो. त्यामुळे धंद्यात इतका काळ घालवूनही मी तो गाडीला बसताना पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी पुरवठादारांसाठी एका गाडीच्या कारखान्यात भेट ठेवली होती आणि आम्ही भोसरीतले तीन-चार मित्र, सगळे लहान कारखानदार, एकाच गाडीतून गेलो. एकाचे रबराचे बुश, एकाचे वॉशर, एकाची वायरिंगची क्लिप. बरोबरच्या अधिकाऱ्यांनी प्रेस शॉप आणि पेंट शॉप मोठ्या अभिमानाने दाखवले. गाडीचे अंग टाकीत बुडून बाहेर येते आणि भट्टीत जाते ते खरोखर पाहण्यासारखे आहे. आमचे लक्ष मात्र लाइनच्या कडेला ठेवलेल्या क्रेटकडे होते. चॅसिस लाइनवर आम्ही सायलेन्सर बसतो त्या जागी थांबलो. गाडी डोक्यावरून टांगलेली येत होती. खालच्या मुलाने सायलेन्सर उचलला, रबराच्या बुशात आमचा ब्रॅकेट अडकवला, दुसरे टोक जोडले आणि हाताने एकदा हलवून पाहिले. एवढेच. वाकडा असता तर त्याला जोर लावावा लागला असता. त्याला जोर लावावा लागला नाही. माझा रबरवाला मित्र माझ्या शेजारीच होता, कारण तो बुश त्याचा होता. आम्ही दोघे तिथून हलायला तयार नव्हतो.

आमच्याकडे प्रेसवर काम करणारे एक मामा आहेत. ते ब्रॅकेट बाहेर पडला की हातात घेऊन भोकाची कड अंगठ्याने तपासतात. परत आल्यावर मी त्यांना लाइनवरच्या त्या मुलाचे सगळे सांगितले. त्यांनी विचारले, “त्याच्या हाताला लागले तर नाही ना?” त्यांना इतकी वर्षे त्या मुलाच्या हाताची काळजी होती, हे मला तेव्हा कळले.

अध्यापिका मॅडम, आपल्यासाठी मुद्दाम लिहितो. मोठ्या कारखान्याचे फाटक उघडेल तेव्हा उघडेल. तोपर्यंत मुलांना आमच्याकडे आणा. माझ्याकडे प्रेस आणि वेल्डिंग आहे, शेजारी टूल रूम आहे जिथे डाय बनतात, आणि पलीकडच्या गल्लीत प्लेटिंग आहे. मोठ्या लाइनवर मुले पिवळ्या पट्टीच्या बाहेरून पाहतील. इथे डाय सेट कसा करतात ते हातभर अंतरावरून पाहता येईल आणि कारागिराला प्रश्न विचारता येतील.

अध्यापिका

आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे समजत नाही. मी आजच प्राचार्यांशी बोलले आणि त्यांनी तत्त्वतः होकार दिला आहे. आमच्या दोन तुकड्या आहेत, फिटर आणि वेल्डर. एकाच दिवशी दोन्ही आणल्या तर आपल्या कामात अडथळा येईल का? येताना मुलांनी काय बरोबर आणावे? गुरुवारी आमचे प्रॅक्टिकल नसते, म्हणून तो वार सोयीचा पडेल.

वाळूजकर

अध्यापिका, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला कधी येणे झाले तर वाळूजलाही या. बजाजचा इथला कारखाना १९८५चा आहे आणि त्याच्याभोवती असेच सुटे भाग बनवणारे अनेक जण आहेत. मी रिक्षाची हुडे शिवून देणाऱ्यांपैकी एक आहे. कापड कापण्यापासून शिवणीपर्यंत सगळे दाखवीन. आमच्याकडे शिवणकाम येणाऱ्या मुलींनाही काम मिळते, हे आपल्या विद्यार्थिनींना जरूर सांगावे.

दापोडीचा नातू

एसटीच्या कार्यशाळेतही शिकाऊ उमेदवार घेतले जातात आणि त्यासाठी आयटीआयच चालते. संस्थेच्या लेटरहेडवर कार्यशाळेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहावे, असे आजोबांनी सुचवले आहे. पत्रात मुलांची संख्या, ट्रेड आणि सोबतच्या शिक्षकांची नावे लिहिली तर निर्णय लवकर होतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

भोसरी एमआयडीसी

मॅडम, गुरुवार सोडून कोणताही वार ठरवा. गुरुवारी भोसरीत औद्योगिक सुट्टी असते, सगळ्या मशीन बंद असतात आणि मुलांना नुसती कुलपे पाहावी लागतील. दोन्ही तुकड्या एकाच दिवशी आणायला हरकत नाही. एक तुकडी माझ्याकडे असेल तेव्हा दुसरी टूल रूममध्ये जाईल आणि जेवणानंतर अदलाबदल करू. बंद बूट सर्वांना असायलाच हवेत, चपला चालणार नाहीत. मुलींनी ओढणी आणू नये किंवा आधी काढून ठेवावी, केस बांधलेले असावेत. हातात कडे, दोरा, घड्याळ काही नको. वही आणि पेन मात्र प्रत्येकाकडे असू द्या, कारण आमचे मामा एकदा बोलू लागले की मोजमापे भराभर सांगत जातात आणि दुसऱ्यांदा सांगत नाहीत.